बिनचिठ्ठीची बाटली

“आज मी मोजूनच ठेवल्यात बघा ताई, कालच्यासारखी एखादी सुटायला नको,” दौलूकाका म्हणाले. “काल तुमची ती मागच्या कोपऱ्यातली बिनचिठ्ठीची बाटली तशीच राहिली होती. मीच औषध घातलं तिच्यात. दोन थेंब जादाच घातलं.”

मी लॅबमध्ये टँकरच्या दुधाचा फॅट तपासत होते. हात जागच्या जागी थांबला.

“कुठली बाटली, काका?”

“ती वं, फ्रिजात सगळ्यात मागं, बरणीच्या आड. पहाटं तीनला नमुन्यांस्नी औषध घालत होतो, तवा दिसली. म्हटलं, ताई चिठ्ठी लावायच्या विसरल्या. सायेब उद्या पुन्हा माझ्यावरच डाफरायचं.”

बिचारे अगदी कौतुकाच्या अपेक्षेनं माझ्याकडे बघत होते. आठच दिवसांपूर्वी एका नमुन्याला औषध घालायचं राहिलं होतं, दूध नासलं होतं आणि मीच त्यांना सगळ्यांदेखत झापलं होतं. वडिलांच्या वयाचा माणूस. तेव्हापासून ते फ्रिजमधली प्रत्येक बाटली हुडकून हुडकून काढत होते.

औषध म्हणजे फॉर्मॅलिन. आमच्या दूध संघात गावोगावच्या दुधाचे नमुने बाटल्यांत भरून ठेवायचे आणि दोन-तीन दिवसांनी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचे. तोवर ते नासू नयेत म्हणून हे थेंब. कॉलेजात मेलेले बेडूक ज्यात बुडवून ठेवतात ना, तेच हे. नमुन्याचं दूध कुणी पिणार नसतं, म्हणून चालतं.

पण कोपऱ्यातली ती बाटली नमुन्याची नव्हती. तिच्यातलं दूध माझं होतं. माझ्या अंगावरचं, माझ्या साडेचार महिन्यांच्या चिमीसाठी काढलेलं.

घड्याळात रात्रीचे बारा वाजायला वीस मिनिटं कमी होती. आत्ती रोज बाराच्या सुमाराला चिमीला पहिलं दूध द्यायची.

या गोष्टीला आता वीस वर्षं झाली, पण ते घड्याळ मला अजून दिसतं. भिंतीवर होतं, काचेवर माश्यांनी घाण केलेली होती.

चिमी आठव्या महिन्यात झाली होती. पावणेदोन किलोची. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, “हिला वरचं काही देऊ नका, आईच्या दुधावरच ही तगेल.” आणि माझी रजा संपली तीन महिन्यांत. नोकरी कायम व्हायची होती, रात्रपाळी नको म्हणायची सोय नव्हती. नवरा पुण्याला कंपनीत, पंधरवड्यातून एकदा यायचा. घरी मी आणि आत्ती. आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची सख्खी बहीण आणि माझी सासूही. आमच्याकडे मामाच्या पोरीला सून करून आणतात, तसंच.

मी काय केलं, अंगावरचं दूध काढायचा एक छोटा हातपंप घेतला. रात्री साडेअकराला एकदा आणि पावणेतीनला एकदा मागच्या कोठीत जायचं, कडी लावायची, आम्लाच्या कॅनवर बूड टेकायचं आणि अंगावरचं दूध काढायचं. पहाटे घरी आले की ती बाटली घरच्या फ्रिजमध्ये जायची आणि त्या रात्री आत्ती ती कोमट पाण्यात धरून बोंडल्यानं पाजायची. म्हणजे आज काढलेलं उद्या रात्री. सुरुवातीला एका बैठकीला बाटली भरायची. मग कमी कमी होत गेलं. बाहेर टँकरचा हॉर्न वाजला की धारच बंद व्हायची. मी डोळे मिटून चिमीचा चेहरा आठवायची, तिच्या रडण्याचा आवाज आठवायची, तेव्हा कुठं चार थेंब पडायचे. आत्तीनं अळिवाची खीर, शतावरी, मेथीचे लाडू, जे जे माहीत होतं ते सगळं माझ्या गळी उतरवलं. “आटलं तर काय करायचं?” या एका भीतीनं मी तेव्हा दिवसाही झोपत नव्हते.

आणि आदल्या रात्री पंपाची बाटली तडकली. मग मी नमुन्याची एक कोरी बाटली उकळून घेतली आणि तिच्यात दूध भरलं. चिठ्ठी मुद्दामच लावली नाही. बारा पुरुषांच्या पाळीत मी एकटी बाई. त्या चिठ्ठीवर लिहिणार तरी काय होते? लाज वाटली मला. त्या लाजेपायी मी लेकीचं दूध विषाच्या रांगेत नेऊन ठेवलं होतं.

मी फोनकडे धावले. आमच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या शालनकडे होता, तिच्या नवऱ्याची पिठाची गिरणी होती म्हणून. नंबर दोनदा चुकला. तिसऱ्यांदा घंटी वाजायला लागली. वाजतेय, वाजतेय. उचल गं बाई, उचल!

“हॅलो?” शालनचा दबका आवाज.

“शालन, मी पद्मा. चिमीला बाटली दिली का आत्तीनं?”

पलीकडे नुसत्या बांगड्या वाजल्या.

“शालन!”

“दिली की वैनी. आत्ताच. पोट भरून पिऊन झोपली बगा. तुम्ही नगा काळजी करू.”

माझ्या हातून रिसीव्हर सुटला. तो वायरला लोंबकळत राहिला आणि मी दाराकडे पळाले. शालनला तिच्या घरात बसून चिमी झोपलेली कशी कळली, हे विचारायचं भान मला कुठलं?

“ताई! ताई, काय झालं? टँकर उभा हाय!” दौलूकाका मागून ओरडले.

“चिमीला बरं नाही, काका. मी चालले.”

एवढंच म्हणाले. त्यांच्या हातात अजून ती औषधाची बाटली होती. त्यांना काय सांगणार होते मी?

फाटकाजवळ एक पिकअप रिकामे कॅन भरून निघाली होती. तिच्यापुढे मी आडवीच झाले. ड्रायव्हर आमच्याच बाजूचा होता, त्यानं काही न विचारता दार उघडलं. अकरा किलोमीटर. तो म्हणाला, “वीस मिनिटांत पोचवतो, ताई.” पण रस्ता कसला, नुसते खड्डे. मागं कॅन आदळत होते आणि माझ्या डोक्यात एकच. जादाचे दोन थेंब. जादाचे म्हणजे एकूण किती? पाच? सहा? बाटलीत दूध होतं अर्धंच. मोठ्या माणसाचा घसा जळतो त्यानं. माझ्या बोटाला एकदा चिरेवर लागलं होतं तर मी बोंब मारली होती. चिमीचं पोट ते केवढं! माझ्या मुठीएवढं तरी असेल का? आणि झोपली म्हणजे काय? झोपली, का...

“जरा जोरात घ्या हो.”

“घेतोय ताई. ह्याच्यावर न्हाई पळत ही.”

मी मनात पुढचं रचत होते. चिमीला उचलायचं, याच गाडीत घालायचं, तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं. डॉक्टर विचारतील, बाळानं काय घेतलं? मी म्हणेन, मीच दिलं. माझ्या हातानं बाटली घरी आणली, माझ्या हातानं फ्रिजमध्ये ठेवली. पहाटे फ्रिजमधून काढताना वास आला नाही मला? नाही आला. आमच्या लॅबमध्ये सगळ्यालाच तो वास असायचा, माझ्या ॲप्रनलाही. आमच्या आराध्यदैवतापासून ते माहेरच्या म्हसोबापर्यंत सगळ्यांना मी नवस बोलले त्या रात्री. आणि अंग बघा कसं वैरी असतं. चिमीचा विचार करून करून मला पान्हा फुटला. काढायची वेळही होऊन गेली होती. ब्लाउज, ॲप्रन, सगळं भिजलं. मला त्या दुधाचा इतका संताप आला की काय सांगू!

घरासमोर गाडी थांबली तेव्हा बारा वाजून गेले होते. घरात अंधार होता आणि दाराला बाहेरून कडी.

नेली. दवाखान्यात नेली. म्हणजे झालंच.

मग शालनच्या गिरणीच्या मागच्या खोलीत दिवा दिसला. मी दार ढकलूनच आत गेले.

शालन भिंतीला टेकून अंथरुणावर बसली होती. तिच्या मांडीवर चिमी. शेजारी तिचा दहा महिन्यांचा गुंडू पालथा झोपलेला. आत्ती पिठाच्या पोत्याला पाठ लावून डुलक्या घेत होती. मला बघून दोघी अशा दचकल्या की जणू चोरी करताना सापडल्यात.

“अगं, तू कशी आलीस? काय झालं?” आत्ती उठली.

“बाटली कुठाय?”

“बाटली? ती... धुऊन ठेवली की.”

“चिमी प्यायली?”

“प्यायली.”

“सगळी?”

“सगळी. थेंब ठेवला नाही.”

रोज सकाळी मी विचारायची आणि आत्ती अगदी याच शब्दांत सांगायची. ते ऐकून मी दमलेली असले तरी हरखायची. आता मी खालीच बसले.

“आत्ती, त्यात विष होतं,” मी म्हणाले. “लॅबमधलं औषध पडलं होतं त्यात. गाडी उभी आहे बाहेर. चल. चिमीला दे इकडे, चल लवकर!”

आत्तीचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. पण दुसऱ्याच क्षणी तिनं फाडकन स्वतःच्या तोंडात मारून घेतलं.

“न्हाई! न्हाई गं पद्मा, न्हाई प्यायली ती! आग लागो माझ्या जिभेला! मी ओतली ती. शेवग्याच्या बुडात ओतली. एक थेंब न्हाई गेला पोरीच्या पोटात!”

“खोटं बोलू नकोस. मी घाबरेन म्हणून आता...”

“तुझ्या गळ्याची शपथ!”

“मघाशी सगळी प्यायली म्हणालीस! शालन फोनवर म्हणाली, प्यायली!”

शालन रडायलाच लागली. “वैनी, मीबी खोटंच बोलले. आत्यांनी सांगितलं होतं, कवा फोन आला तर असं सांग म्हणून.”

आता कोणावर विश्वास ठेवायचा? मघाचं खोटं का आत्ताचं? मी चिमीला ओढूनच घेतलं. दिव्याखाली तिचं तोंड उघडून बघितलं, ओठ बघितले, तोंडाला नाक लावून वास घेतला. दुधाचाच वास येत होता. माझ्या गार हातांनी ती जागी झाली आणि भोकाड पसरलं. मी छातीशी धरलं तर ॲप्रनच्या वासानं तोंड वाकडं करून मागं रेलली. शालन सवयीनं म्हणाली, “ए बबे, ए सोने...” आणि चिमीचं रडं थांबलं. तिनं त्या आवाजाकडे मान वळवली, तोंड उघडलं आणि माझ्या हातातून शालनच्या पदराकडे झेपावायला लागली.

मग मला कळलं की आत्ती खरं बोलतेय. एका रात्रीत पोर अशी झेपावत नाही.

मी चिमीला शालनकडे दिलं. लेक वाचली, देवा, वाचली! आणि खरं सांगते, त्याच वेळेला मला शालनच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. दोन्ही एकदम. माझी पोर तिच्या कुशीत चुटूचुटू पीत होती, ओळखीच्या जागी आल्यासारखी.

“कधीपासून?” मी आत्तीला विचारलं.

“दीड महिना झाला.”

“म्हणजे मी कामाला गेल्यापासूनच?”

“चार रात्री लई प्रयत्न केला गं. तुझं बाटलीतलं दूध तोंडाला लावलं की थुंकायची. बोंडल्यानं दिलं, चमच्यानं दिलं, बोटानं चाटवलं. तोंडच मिटून घ्यायची. दिवसा तुझ्या अंगावर पिते की छान, मग ह्यालाच काय झालं? चौथ्या रात्री रडून रडून निळी पडली. मी घाबरले. उचलली आणि हिच्या दारात आले. पोरीला उपाशी कशी ठेवू? डॉक्टरनं वरचं देऊ नका म्हणून सांगितलेलं. हिचं निदान आईचं तरी दूध.”

“मला का नाही सांगितलंस?”

आत्ती पदरानं तोंड पुसत राहिली.

“आत्ती, का नाही सांगितलंस? मी तिथं कोठीत कडी लावून... रोज! रोज रात्री!”

“म्हणूनच,” आत्ती म्हणाली. “पहाटं तू यायचीस, डोळं आत गेलेलं, पिशवीतनं ती बाटली अशी काढायचीस जपून. चपला काढायच्या आदी विचारायचीस, प्यायली का गं सगळी? काय सांगू मी तुला? ओतून टाकली म्हणून सांगू?”

“वास यायचा वैनी त्याला,” शालन हळूच म्हणाली. “रागावू नगा. साबणावानी.”

साबण! मी कपाळावर हात मारून घेतला. काही जनावरांचं दूध असतं असं. ताजं असताना झकास, पण गारव्यात ठेवलं की आतल्या आत स्निग्धांश फुटायला लागतो आणि तासा-दोन तासांत साबणासारखा खवट वास मारतो. नासत नाही, बिघडत नाही, पण तोंडाला लागत नाही. असे कॅन मी चार वर्षं परत पाठवत होते. झाकण उघडायचं, वास घ्यायचा, वहीत लिहायचं आणि गवळ्याशी हुज्जत घालायची. काढल्या काढल्या जरासं तापवून ठेवलं की तो वास येत नाही, हेसुद्धा मीच त्यांना शिकवायची. आणि स्वतःच्या बाटलीचं झाकण एकदा घट्ट लावलं की मी ते पुन्हा उघडलंच नव्हतं. आईच्या दुधाचा काय वास घ्यायचा, असंच वाटलं असेल मला. खरं तर असं काही वाटलंही नव्हतं. सुचलंच नाही.

त्या दीड महिन्यात मी थोडी हुशारी केली असती, झाकण उघडून बघितलं असतं, दूध तापवून ठेवलं असतं, तर चिमी ते आवडीनं प्यायली असती. आजची बाटलीसुद्धा.

हा विचार आला आणि मी बाहेर जाऊन उलटी केली. पिकअपवाला अजून थांबला होता. “दवाखान्यात जायचं ना ताई?” त्यानं विचारलं. मी नको म्हणाले, तो गेला. संघातून दुसऱ्या दिवशी मला मेमो येणार होता, नोकरी कायम व्हायला पुढं दोन वर्षं लागणार होती. पण ते सगळं नंतरचं. दौलूकाकांना मी शेवटपर्यंत काही कळू दिलं नाही. चिमीला ताप होता, एवढंच सांगितलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी देवाचा अंगारा आणून दिला.

मी तोंड धुऊन आत आले तेव्हा चिमी शालनच्या कुशीतच गाढ झोपली होती. शालननं ती माझ्यापुढे धरली.

“घ्या वैनी. उद्यापास्नं न्हाई पाजणार मी. तुमची परवानगी न घेता केलं. चुकलंच.”

“तुझ्या गुंडूला पुरतं का गं?” मी विचारलं.

“न पुरायला काय झालं?” ती म्हणाली. “उजवीकडचं चिमीचं, डावीकडचं गुंडूचं. वाटण्याच करून दिल्यात. तो पठ्ठ्या मात्र पहिल्या झोपंला आपला वाटा संपवतो आणि मग उठून माझ्यावर तडतडतो. मग मी भाताची पेज देते थोडी.”

पठ्ठ्यानं जणू ऐकलंच. पालथा होता तो डोकं वर करून उठला, इकडंतिकडं बघितलं आणि रडायला सुरुवात केली. शालननं त्याला जवळ घेतलं, पण तिच्याजवळ काही उरलं नव्हतं. तो ओढायचा, सोडायचा, चिडायचा. शालन आत्तीला म्हणाली, “आत्या, चुलीवरची पेज आणता का जरा?”

माझा ब्लाउज अजून ओलाच होता. साडेअकराचं काढायचं राहून गेलं होतं, छाती दगडासारखी झाली होती, हात लावला तरी कळ येत होती.

“पेज कशाला?” मी म्हणाले. “आण इकडं त्याला.”

शालन माझ्याकडे बघतच राहिली. “वैनी, तुम्ही?”

“का? दीड महिना तू पाजलंस ते चाललं होय?”

मी तो वासाचा ॲप्रन काढून बाहेर फेकला, हात धुतले आणि मांडी घालून बसले. गुंडू वजनदार होता, चिमीच्या दुप्पट. माझ्या तोंडाकडे त्यानं एकदा संशयानं बघितलं. मग भूक फार होती म्हणून म्हणा, लागला प्यायला. असा लागला की मला श्वास घ्यायला जागा ठेवली नाही. घोट घोट ऐकू येत होते.

“जपून हां वैनी, त्याला चार दात आल्यात,” शालन म्हणाली.

तिचं वाक्य संपायच्या आत तो चावला. मी किंचाळले, आत्ती हसली, हसता हसता तिला रडू फुटलं आणि मग आम्ही तिघीही त्या पिठाच्या वासाच्या खोलीत तोंडावर पदर घेऊन रडत बसलो, पोरं उठू नयेत म्हणून. गुंडू कुणाकडे न बघता पीत होता. दीड महिन्यात पहिल्यांदा माझं रात्रीचं दूध कुणाच्या तरी पोटात जात होतं.